गॅस्ट्रोच्या विषाणूंची रॅपिड तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांचे पालक, वसतिगृहांचे अधीक्षक, आश्रमशाळांतील शिक्षक आणि छोट्या दवाखान्यांतील सहकारी यांच्याकडून आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर जे प्रश्न येतात, त्यांतील पुन्हापुन्हा येणारे येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्यात लागत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गॅस्ट्रोच्या रॅपिड टेस्टमध्ये नेमके काय तपासले जाते?

आपण ज्याला ‘गॅस्ट्रो’ म्हणतो तो एकच आजार नसून जुलाब, उलट्या, पोटात कळा आणि कधी ताप अशा लक्षणांना मिळून दिलेले नाव आहे. त्यामागे विषाणू, जिवाणू, परजीवी किंवा अन्नातील विष यांपैकी काहीही असू शकते. रॅपिड टेस्ट यांतील फक्त ठरावीक विषाणूंचे प्रथिन शौचाच्या नमुन्यात शोधते. बाजारात सर्वाधिक मिळणारे कार्ड रोटाव्हायरस आणि आतड्याचा अडिनोव्हायरस (प्रकार ४० व ४१) यांचे जोडकार्ड असते. नोरोव्हायरसचे कार्ड वेगळे मिळते, आणि काही किटमध्ये अॅस्ट्रोव्हायरसही असतो. म्हणून अहवालात ‘निगेटिव्ह’ लिहिले असेल तर कशासाठी निगेटिव्ह, हे आधी वाचावे. रोटा-अडिनोचे कार्ड निगेटिव्ह आले यावरून नोरोव्हायरसबद्दल काहीही कळत नाही.

२. कार्डावर रेषा कशी उमटते, आणि फिकट रेषा धरायची का?

नमुना किटमधील द्रावणात ढवळून त्याचे काही थेंब कार्डाच्या खिडकीत टाकले जातात. आतल्या कागदी पट्टीवर रंगीत सूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडे असतात. नमुन्यात विषाणूचे प्रथिन असेल तर ते या कणांना धरते, ओल पुढे सरकते तसे तेही सरकते आणि टेस्ट रेषेवर बसवलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडांत अडकते. कण तेथे साचले की रेषा दिसू लागते. त्यापुढची कंट्रोल रेषा विषाणू असो वा नसो, उमटलीच पाहिजे. ती उमटली नाही तर तपासणी बाद समजून नव्या कार्डावर पुन्हा करावी.

ठरलेल्या वेळेत दिसलेली फिकट रेषाही पॉझिटिव्हच मानतात. ही वेळ बहुधा १० ते १५ मिनिटांची असते, मात्र ती किटच्या माहितीपत्रकातूनच घ्यावी. अर्ध्या-पाऊण तासाने कार्ड वाळताना करड्या रंगाची पुसट रेषा येते, ती धरू नये. ‘सकाळी केलेल्या कार्डावर संध्याकाळी रेषा आली’ असे फोटो आम्हाला नेहमी येतात आणि त्यांना दरवेळी हेच उत्तर द्यावे लागते.

घट्ट शौचाचा मोठा गोळा द्रावणात टाकणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. जास्त नमुन्याने तपासणी अधिक पक्की होत नाही. पट्टी चोंदते, आणि प्रथिन फारच जास्त झाले तर रेषा उलट फिकी पडते. वाटाण्याएवढा म्हटले असेल तर वाटाण्याएवढाच घ्यावा.

३. नमुना कशात आणि कसा आणायचा?

प्रयोगशाळेतून मिळणाऱ्या स्वच्छ, कोरड्या, फिरकीच्या झाकणाच्या डबीत चमचाभर पातळ शौच पुरते. घरातली औषधाची किंवा जामची बाटली धुऊन आणू नये, कारण तिच्यात साबणाचा अंश राहतो. शौचालयातील पाणी, लघवी किंवा फिनेल मिसळलेला नमुनाही चालत नाही.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत खरी अडचण डायपरची असते. पातळ जुलाब डायपरमधील जेल क्षणात शोषून घेते आणि वर फक्त पिवळा डाग उरतो, जो खरवडून काहीच हाती लागत नाही. अशा वेळी डायपर उलटा, म्हणजे प्लास्टिकची बाजू आत करून बांधावा किंवा आत स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा पसरावा. जुन्या पद्धतीचे सुती लंगोटही नमुना शोषतात, म्हणून तेथेही प्लास्टिक लागेलच.

नमुना दोन तासांत पोहोचणार नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, २ ते ८ अंश सेल्सिअसला, वेगळ्या पिशवीत ठेवावा. फॉर्मेलिन किंवा अन्य परिरक्षक घालू नये. उलटीचा नमुना बहुतेक कार्डांना चालत नाही. गुदद्वारातून घेतलेल्या स्वॅबवर विषाणूचे प्रमाण कमी भरते, त्यामुळे कार्डासाठी तो दुय्यमच ठरतो.

४. आजार सुरू झाल्यावर कधी तपासणी करावी?

शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत. नोरोव्हायरसची लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरे वाटते. कार्डावर रेषा उमटण्यासाठी एका ग्रॅम शौचात विषाणूचे लाखो ते कोट्यवधी कण लागतात, आणि ही पातळी आजाराच्या भरात गाठली जाते. रोटाव्हायरसचा जुलाब तीन ते आठ दिवस चालत असल्यामुळे त्यात थोडी अधिक सवड मिळते. जुलाब थांबल्यावर ‘काय होते ते कळावे’ म्हणून आणलेल्या नमुन्यातून कार्डाला फारसे सांगता येत नाही.

५. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे विषाणू नाही असे समजायचे का?

याचे उत्तर विषाणूनुसार बदलते. रोटाव्हायरसच्या चांगल्या किट खरोखर लागण झालेल्या शंभर मुलांपैकी नव्वदच्या आसपास मुले पकडतात, कारण त्या ज्या आतल्या प्रथिनाचा शोध घेतात ते अ गटाच्या सर्व रोटाव्हायरसांत जवळजवळ सारखे असते आणि आजारात विषाणू प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो. नोरोव्हायरसच्या बाबतीत मात्र हे प्रमाण किटनुसार निम्म्यापासून पाऊणपर्यंतच राहते. त्याचे बाहेरचे कवच प्रकारागणिक वेगळे असते आणि एकाच प्रतिपिंडाला ते सगळे ओळखता येत नाहीत.

थोडक्यात, रोटाच्या निगेटिव्हला वजन आहे. एकट्या रुग्णाच्या नोरो-निगेटिव्हवर मात्र कोणताही निर्णय टेकवू नये. या तपासण्यांबद्दल एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती हीच राहावी.

६. मग पॉझिटिव्ह आला तर तो खरा मानायचा का?

बहुतेक वेळा होय, पण हंगाम आणि आजूबाजूची परिस्थिती पाहून. समजा, एखादी किट लागण नसलेल्या शंभरांपैकी दोघांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते आणि लागण झालेल्या शंभरांपैकी साठ जणांना पकडते. साथ नसताना दवाखान्यात आलेल्या २०० जणांपैकी चौघांनाच नोरो असेल, तर किट त्यांतील दोन-तीन पकडेल आणि उरलेल्या १९६ पैकी साधारण चौघांना खोटे पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे हाती आलेल्या पॉझिटिव्ह अहवालांत खोटेच जास्त. तीच किट भर साथीत वापरली की गणित उलटते. यात किट वाईट ठरत नाही. सरसकट प्रत्येकाची तपासणी करणे मात्र चुकीचे ठरते.

७. पॉझिटिव्ह आल्याने औषधोपचार बदलतो का?

फारसा नाही. रोटा किंवा नोरो यांच्यावर दवाखान्यात द्यावे असे विषाणूविरोधी औषध नाही. शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे हाच उपचार आहे. जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, घोटाघोटाने देत राहावी, अंगावरचे दूध बंद करू नये, आणि मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे (सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १० मिलिग्रॅम). उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरुवात करावी.

एक फायदा मात्र खरा आहे. रोटा पॉझिटिव्ह आलेल्या, शौचात रक्त नसलेल्या मुलाला प्रतिजैविक देण्याचा मोह आवरतो. आमच्याकडे जुलाबाचा रुग्ण आला की सवयीने प्रतिजैविक आणि जोडीला विडाल, म्हणजे विषमज्वराची रक्ततपासणी, लिहून देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. त्या चिठ्ठीपुढे कार्डाची ती एक रेषा बरेच काम करते.

डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, सहा-आठ तासांत लघवी नाही, मूल सुस्त पडले आहे, शौचात रक्त आहे किंवा उलटी हिरवी आहे, यांपैकी काही दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तान्ह्या मुलाच्या शौचात लालसर जेलीसारखे पडले आणि ते थांबूनथांबून कळवळत असेल, तर आतड्यात आतडे शिरल्याची शक्यता असते. तेव्हा पॉझिटिव्ह कार्ड हातात असले तरी तेवढ्यावर समाधान मानू नये.

८. उपचार बदलत नसेल तर तपासणी करायचीच कशाला?

कारण नोरोचे कार्ड एका रुग्णापेक्षा साथीसाठी जास्त उपयोगी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये नोरोव्हायरसच्या एका प्रतिजन-तपासणीला (विषाणूचे प्रथिन शोधणाऱ्या तपासणीला) बाजारात येऊ दिले, तेव्हा तिचा वापर एकाच वेळी अनेक जण आजारी पडलेल्या प्रसंगांपुरता ठेवला आणि एकट्यादुकट्या रुग्णासाठी ती पुरेशी संवेदनशील नसल्याचे स्पष्ट केले.

यामागचे गणित साधे आहे. किट शंभरांत साठच पकडते असे धरले, तरी एकाच साथीतील पाच रुग्णांचे नमुने घेतल्यास पाचही निगेटिव्ह येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास उरते. एकट्या नमुन्यात चाळीस टक्के चुकणारी तपासणी पाच नमुन्यांत जवळजवळ चुकत नाही. उलट बाजूने पाहता, शंभरांत दोन खोटे पॉझिटिव्ह देणारी किट पाच निरोगी नमुन्यांत निदान एकदा फसण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या जवळ असते, परंतु दोनदा फसण्याची अर्धा टक्काही नसते. म्हणून पाचांत एक पॉझिटिव्ह आला तर थांबावे आणि पीसीआरने, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या तपासणीने (प्रश्न १४ पाहा), खात्री करावी, तर दोन किंवा अधिक आले तर विषाणूची साथ धरून कामाला लागावे.

किट हाताशी नसेल तरी अंदाज बांधता येतो. १९८२ मध्ये मांडले गेलेले कॅप्लन निकष आजही वापरले जातात. त्यानुसार निम्म्याहून अधिक रुग्णांना उलट्या, लागण ते लक्षणे यांत सरासरी २४ ते ४८ तास, आजाराचा सरासरी काळ १२ ते ६० तास आणि शौचाच्या तपासणीत जिवाणू नाहीत, असे चित्र असेल तर नोरोव्हायरसचा संशय घ्यावा. हे निकष साथीतील काही नोरो सोडून देतात, पण जेथे जुळतात तेथे बहुतेक खरे ठरतात.

९. आमच्या वसतिगृहात रात्रीतून वीस मुलींना उलट्या सुरू झाल्या. नेमके काय करावे?

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. साथरोग सर्वेक्षणाची यंत्रणा त्यासाठीच आहे, आणि ‘नाव खराब होईल’ म्हणून घालवलेला एक दिवस पुढे फार महाग पडतो. त्यानंतर कोणाला किती वाजता पहिली उलटी झाली, तिने आदल्या दोन दिवसांत काय व कोठे खाल्ले, कोणत्या टाकीचे पाणी प्यायले, याची यादी वहीत करावी. ही वही अनेकदा किटपेक्षा जास्त सांगते. सगळ्या जणी जेवणानंतर दोन-चार तासांतच आजारी पडल्या असतील तर विषाणूपेक्षा अन्नातील जिवाणूजन्य विषाचा संशय अधिक.

कार्डासाठी किमान पाच जणींचे ताजे नमुने घ्यावेत, आणि त्यातील थोडा भाग पीसीआर व जिवाणू संवर्धनासाठी (नमुन्यातील जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी) वेगळा राखून ठेवावा. सगळा नमुना कार्डावर संपवून नंतर पुढच्या तपासणीसाठी हात चोळत बसण्याची वेळ आम्ही अनेकांवर आलेली पाहिली आहे.

रिपोर्ट येईपर्यंत साफसफाई थांबवू नये. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. हात साबण आणि वाहत्या पाण्यानेच धुवावेत. उलटी पडलेल्या जागेसाठी १००० ते ५००० पीपीएम (लिटरमागे एक ते पाच ग्रॅम) क्लोरीन लागते. चांगल्या ब्लिचिंग पावडरीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या टीसीएलमध्ये, साधारण ३० टक्के क्लोरीन धरले तर लिटरमागे तीन ते सोळा-सतरा ग्रॅम पावडर होते. पोते उघडे राहिलेले असेल तर क्लोरीन उडून गेलेले असते, तेव्हा पावडर ताजी घ्यावी.

१०. पावसाळ्यात गावात साथ आली आणि कार्डे सगळी निगेटिव्ह आली. आता?

पटकी, म्हणजे कॉलरा, आधी डोळ्यांसमोर आणावा. पश्चिम भारतात रोटाव्हायरसचा जोर मुख्यत्वे थंडीच्या महिन्यांत असतो. पावसाळ्यात फुटलेल्या जलवाहिनीतून किंवा गढूळ विहिरीतून येणाऱ्या साथीत जिवाणूंचा वाटा मोठा असतो. भाताच्या पेजेसारखे, वेदना नसलेले, सतत होणारे जुलाब आणि मोठ्या माणसालाही काही तासांत आलेली शुष्कता हे चित्र विषाणूचे नाही. अशा वेळी नमुना योग्य वाहक माध्यमात संवर्धनासाठी पाठवावा. विषाणूचे निगेटिव्ह कार्ड कॉलराला नाकारत नाही, आणि पॉझिटिव्ह कार्डही त्याला पूर्ण नाकारत नाही (प्रश्न १३ पाहा).

११. बाळाला रोटाची लस दिल्यानंतर आठवड्याने कार्ड पॉझिटिव्ह आले. लसीने आजार झाला का?

बहुधा नाही. रोटाची लस तोंडावाटे दिली जाणारी, जिवंत पण सौम्य केलेल्या विषाणूची लस आहे. तो विषाणू आतड्यात काही दिवस वाढतो आणि शौचातून बाहेर पडतो. कार्डाला लसीचा विषाणू आणि रानटी विषाणू यांतला फरक कळत नाही. आपल्याकडे ही लस ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. त्यामुळे सुमारे चार महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या रोटा-पॉझिटिव्ह अहवालावर शेवटच्या डोसची तारीख लिहावी, असा आमचा आग्रह असतो. फरक करायचाच असेल तर विषाणूचा जनुकीय प्रकार पाहावा लागतो, आणि ते काम संदर्भ-प्रयोगशाळेचे आहे.

१२. नवजात बाळाला काहीच त्रास नाही, तरी रोटा पॉझिटिव्ह कसा?

प्रसूतिगृहांत हे घडते. नवजात बाळांमध्ये काही रोटाव्हायरस लक्षणांशिवाय वास्तव्य करतात. भारताच्या ‘रोटाव्हॅक’ लसीचा पायाच तो आहे. तिचा ११६ई हा विषाणू १९८०च्या दशकात दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, कोणतीही लक्षणे नसलेल्या नवजात बाळांत सापडला होता. म्हणून दूध पिणाऱ्या, वजन वाढणाऱ्या, ओटीपोट मऊ असलेल्या बाळाच्या पॉझिटिव्ह कार्डावर उपचार करू नयेत. मात्र त्याच कक्षातील इतर बाळांसाठी हात धुण्याची शिस्त त्या क्षणापासून कडक करावी.

१३. एकाच कार्डावर रोटा आणि अडिनो दोन्ही रेषा आल्या. हे शक्य आहे का?

शक्य आहे. दाटीवाटीच्या वस्तीतील लहान मुलांत एकाहून अधिक जंतू एका वेळी सापडणे नवलाचे नाही. तरीही दोन्ही रेषा आल्यास आधी नमुना पाहावा. रक्त किंवा आव जास्त असलेल्या घट्ट नमुन्यात रंगीत कण चुकीच्या जागी अडकतात. नवा, नीट पातळ केलेला नमुना घेऊन एकदा पुन्हा तपासावे. निकाल तोच आला तर मान्य करावा.

१४. पीसीआर पॅनल महाग असते. ते कार्डापेक्षा नक्की किती चांगले?

पीसीआर विषाणूचे जनुकीय द्रव्य वाढवून शोधते, त्यामुळे ती कितीतरी कमी कण पकडते. २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एक पॅनल जिवाणू, परजीवी आणि विषाणू मिळून २२ लक्ष्ये सुमारे तासाभरात तपासते. त्यात नोरो, रोटा, अडिनो, अॅस्ट्रो आणि सॅपो असे पाच विषाणू आहेत. जीन-एक्स्पर्ट यंत्रासाठी नोरोव्हायरसचे वेगळे काडतूस आहे आणि ते दीड तासाच्या आत निकाल देते. तालुक्याच्या रुग्णालयात क्षयरोगाच्या सीबीनॅट तपासणीसाठी तेच यंत्र असते, म्हणून ‘आमच्याकडे मशीन आहे, मग नोरो का होत नाही’ असे विचारले जाते. यंत्र तेच असले तरी काडतूस वेगळे असून ते स्वतंत्रपणे मागवावे लागते.

पीसीआरचा दोष तिच्या गुणातच आहे. आजार बरा झाल्यावर राहिलेले किंवा लक्षणांशिवाय असलेले विषाणूही ती दाखवते. पॅनलवर नोरो दिसला म्हणून आजचे जुलाब नोरोमुळेच आहेत, असे सिद्ध होत नाही. अतिदक्षता विभागातील रुग्ण, अवयव-प्रत्यारोपण झालेले लोक आणि साथीची खात्री यांसाठी ती जरूर करावी. एरवी धडधाकट मुलाच्या दोन दिवसांच्या जुलाबासाठी तो खर्च आम्ही सुचवत नाही.

१५. निगेटिव्ह रिपोर्ट आणल्याशिवाय शाळेत घेणार नाही, असे शाळा म्हणते. हे बरोबर आहे का?

नाही. शेवटचा जुलाब किंवा उलटी झाल्यापासून ४८ तास घरी राहणे हा वापरण्याजोगा नियम आहे. नोरोव्हायरस बरे वाटल्यानंतरही दोन आठवडे किंवा अधिक काळ शौचातून जाऊ शकतो. पीसीआरची अट घातली तर धडधाकट मूल महिनाभर घरी बसेल, आणि कार्डाची अट घातली तर संसर्गक्षम मूलही निगेटिव्ह येऊन वर्गात बसेल. हाच नियम खानावळीतील आचारी आणि वाढप्यांनाही लावावा. फक्त त्यांनी पहिले काही दिवस शिजवलेल्या अन्नाला आणि कोशिंबिरीला हात न लावता दुसरे काम करावे, हे अधिक चांगले.

१६. किट घेऊन घरीच तपासणी केली तर?

हाताने करणे अवघड नाही, पण अर्थ लावणे अवघड आहे, आणि प्रश्न ५ व ६ मधील कारणे येथे दुप्पट लागू होतात. जपानमध्ये नोरोच्या प्रतिजन-तपासणीचा खर्च सार्वजनिक विम्यातून मुख्यत्वे तीन वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि कर्करोग किंवा प्रत्यारोपणाचे रुग्ण यांच्यासाठीच मिळतो, म्हणजे ज्यांच्या बाबतीत निकालाने काही बदलू शकते त्यांच्यासाठी. घरी किट घेण्याचे पैसे ओआरएसच्या पुड्यांवर खर्च करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१७. विषाणूचा नवा प्रकार आला तर जुनी किट चालते का?

नेहमीच नाही. २०१४-१५ च्या हंगामात पूर्व आशियात नोरोव्हायरसचा जीआयआय.१७ हा प्रकार जोरात पसरला, तेव्हा बाजारातील काही रॅपिड किट त्याला फारच कमी पकडतात असे आढळले. चित्र पूर्ण नोरोचे आणि कार्डे मात्र सगळी कोरी, असे दिसले तर नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी आरोग्य विभागामार्फत पाठवण्याची हीच वेळ आहे.

१८. विहिरीचे किंवा टाकीचे पाणी याच कार्डावर तपासता येईल का?

येत नाही, आणि ‘पाणी निगेटिव्ह आले’ म्हणून तीच टाकी पुन्हा सुरू करणे धोक्याचे आहे. नोरोव्हायरसचे अगदी मोजके, काही अंदाजांनुसार वीसहूनही कमी, कण आजारासाठी पुरतात, तर कार्डाला लाखो लागतात (प्रश्न ४). पाण्यातील विषाणू शोधण्यासाठी कित्येक लिटर पाणी गाळून, आटवून मग पीसीआर करावी लागते. गावपातळीवर करण्याजोगी गोष्ट म्हणजे नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन पाहण्याची तपासणी. नळीतील पाणी पिवळे झाले नाही तर तेथे क्लोरीन पोहोचत नाही, आणि मग वाहिनी कोठे फुटली आहे ते त्याच दिवशी शोधावे.